एलेन वेस्ट: अडीच महिन्यांत असाध्य ठरलेली रुग्ण

24 मार्च 1921. स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगन गावातलं बेलव्ह्यू हे खासगी मनोरुग्णालय. एका रुग्णाचं पुढे काय करायचं हे ठरवायला तीन डॉक्टर एकत्र बसले होते. पहिले रुग्णालयाचे संचालक लुडविग बिन्सवांगर. दुसरे झ्यूरिकचे ऑयगेन ब्लॉयलर. ‘स्किझोफ्रेनिया’, म्हणजे वास्तवाचं भान विस्कटून टाकणारा मनोविकार, हे नाव वैद्यकशास्त्राला त्यांनीच दिलं. तिसरे जर्मनीहून बोलावलेले आल्फ्रेड होखं. जी माणसं ‘जगण्याच्या लायकीची नाहीत’ त्यांना मारायला कायद्याने मुभा द्यावी, असं सांगणारी पुस्तिका या गृहस्थांनी एका कायदेपंडिताबरोबर आदल्याच वर्षी, 1920 मध्ये, छापली होती. तिशी ओलांडलेल्या एका बाईच्या नशिबाचा निवाडा करायला बोलावलेल्यांत हा माणूस होता, हे प्रकरण वाचताना विसरता येत नाही.

तिघांचं एकमत झालं: हिच्यावर खात्रीने लागू पडेल असा उपचार नाही. ती घरी सोडा म्हणते आहे, तर सोडावं. 30 मार्चला तिला सोडलं. घरी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने स्वतःचं आयुष्य संपवलं.

बिन्सवांगर यांनी हे प्रकरण 1944-45 मध्ये एका स्विस वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केलं आणि रुग्णाला ‘एलेन वेस्ट’ हे टोपणनाव दिलं. खाण्याशी निगडित विकारांच्या इतिहासात इतकं वाचलं गेलेलं आणि इतकं वादग्रस्त दुसरं प्रकरण क्वचितच असेल. सहृदय उपचार म्हणजे काय, ते कुठे सुरू होतात आणि त्यांच्या अभावी काय होतं, हे समजून घ्यायला मला याच्याइतकं उपयोगी काही सापडलेलं नाही. मात्र तिच्या वजनाचे आकडे आणि वजन उतरवण्यासाठी ती काय काय घेत असे याची यादी मी इथे मुद्दाम देत नाही. या आजाराशी झुंजणारी माणसं असे आकडे वाचतात आणि स्वतःशी ताडून पाहतात.

पूर्वेतिहास

सधन ज्यू कुटुंब. वडील करारी, भावना फारशा न दाखवणारे. आई हळवी, उदासीनतेकडे झुकणारी. वडिलांच्या भावांपैकी दोघांनी आत्महत्या केलेली. एलेन शाळेत हुशार आणि कमालीची महत्त्वाकांक्षी. एखाद्या विषयात पहिली आली नाही तर रडायची. ‘सीझर तरी व्हावं, नाहीतर काहीच नको’ अशा अर्थाचं लॅटिन वचन तिने आपलं ब्रीद म्हणून निवडलं होतं. मधलं काही तिला चालत नसे. कविता करायची. तरुणपणी गरिबांसाठी काही करावं ही तळमळ होती आणि तिने मुलांसाठी वाचनालयं उभारण्याचं काम केलंही. पुढे विद्यापीठात शिकायचं म्हणून परीक्षांची तयारी केली, मध्येच कोसळली.

विशीच्या सुमारास एका परदेशी तरुणाशी तिचं लग्न ठरलं. वडिलांनी सांगितलं म्हणून तिने ते मोडलं. त्यानंतर ती सिसिलीला गेली, तिथे भरपूर जेवली, अंगाने भरली, मैत्रिणींनी चिडवलं. इथून पुढे तिच्या रोजनिशीत एक नवी भीती दिसू लागते: जाड होण्याची. ती उपाशी राहू लागली, मैलोन्‌मैल चालू लागली. सहलीत सगळे एखाद्या रम्य जागी थांबले की ही बसायची नाही, त्यांच्याभोवती चकरा मारत राहायची.

पुढे एका विद्यार्थ्याशी जवळीक झाली, तेही नातं तुटलं. अखेर अठ्ठाविसाव्या वर्षी चुलतभावाशी लग्न. एक गर्भपात झाला. मूल हवं आणि पोटभर खाणं नको, या दोन इच्छांच्या कात्रीत ती काही वर्षं राहिली. आपण कशासाठी जगतो आहोत, म्हणजे बारीक राहण्यासाठी, हे तिने नवऱ्याला लग्नाला काही वर्षं झाल्यावर सांगितलं. तोवर घरातल्या कोणाला आजाराचं खरं रूप माहीत नव्हतं.

या टप्प्यावरचा एक तपशील पुढच्या सगळ्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे. एलेन मोकळा मिळालेला प्रत्येक क्षण पाककृती उतरवून काढण्यात घालवायची. पुडिंगं, गोड पदार्थ, चमचमीत पदार्थ. घरातल्यांनी भरपूर आणि चांगलं खावं असा तिचा आग्रह असे. स्वतः मात्र काही घेत नसे.

उपचारांचा प्रवास

1920 च्या फेब्रुवारीत मनोविश्लेषण, म्हणजे मनात खोल दडलेल्या इच्छा-भीतींचा बोलण्यातून अर्थ लावणारे उपचार, सुरू झाले. पहिल्या विश्लेषकाकडचे उपचार काही महिन्यांत थांबले, ऑक्टोबरात दुसरा विश्लेषक. या दुसऱ्याने नवऱ्याला तिच्याजवळून जायला सांगितलं. नवरा गेला आणि दोनच दिवसांत तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. लगोलग आणखी प्रयत्न झाले. त्या काळचे नामांकित जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी तपासून ‘मेलँकोलिया’, म्हणजे तीव्र नैराश्य, असं निदान केलं. विश्लेषकाला ते पटलं नाही आणि विश्लेषण चालूच राहिलं.

या विश्लेषणाबद्दल एलेनने जे लिहून ठेवलं ते आज थेरपी शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. सारांश असा: मी बुद्धीने विश्लेषण केलं, सगळं तात्त्विकच राहिलं, बारीक असण्याची इच्छा होती तिथेच, मधोमध, जशीच्या तशी. म्हणजे आपल्याला काय झालंय हे तिला कळत होतं, पुरतं कळत होतं. आपण एका रंगमंचावर उभ्या आहोत आणि बाहेर जाण्याच्या प्रत्येक वाटेवर शस्त्रधारी माणसं आहेत, असंही तिने लिहिलं आहे. तिच्या आजाराचं इतकं अचूक वर्णन तिच्या एकाही डॉक्टराला जमलेलं नाही.

या काळात तिला थोडाफार आधार मिळाला तो एका फिजिशियनच्या दवाखान्यात. त्याने विश्लेषण थांबवलं. समोर येईल ते सगळं खायचं असं ठरलं, आणि रडत-कढत का होईना, ती खाऊ लागली. 14 जानेवारी 1921 रोजी नवऱ्यासह ती बेलव्ह्यूत दाखल झाली. बिन्सवांगर माणूस म्हणून दुष्ट नव्हते. ते तिच्याशी नियमित बोलत, तिचं लिखाण आस्थेने वाचत. इथेही ती जेवत होती. पण प्रत्येक जेवणानंतर भीती उसळायची, दिवसभर डोक्यात अन्नच असायचं आणि मरणाची इच्छा कमी होत नव्हती. अडीच महिन्यांनी निष्कर्ष काढला गेला की जेवूनही मन सुधारत नाही, अर्थात हा आजार मनाच्या मुळातच आहे आणि तो वाढतच जाणार. बिन्सवांगर आणि ब्लॉयलर दोघांनीही स्किझोफ्रेनियाच धरला. होखं यांचा कल वेगळा होता, व्यक्तिमत्त्वातल्या जन्मजात विकृतीकडे. बरी होणार नाही यावर मात्र कोणाचं दुमत नव्हतं.

खरं तर आजाराला नाव नव्हतं असं नाही. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी 1873-74 मध्येच त्याचं वर्णन केलं होतं, ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचंच. ठरावीक वेळाने अन्न द्या, भूक लागण्याची वाट पाहू नका, हे त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. बेलव्ह्यूतल्या विद्वानांना एवढी साधी गोष्ट बहुधा फार साधी वाटली असावी.

मिनेसोटातले छत्तीस तरुण

बिन्सवांगर आपलं प्रकरण छापत होते त्याच सुमारास, नोव्हेंबर 1944 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग सुरू झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण एलेनच्या प्रकरणावर इतका उजेड दुसऱ्या कशानेच पडलेला नाही.

युद्धात माणसं मारायला विवेकबुद्धीने नकार देणारे 36 तरुण स्वयंसेवक म्हणून पुढे आले होते. अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना शरीराने आणि मनाने धडधाकट आहेत हे पाहून निवडलं होतं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना खाऊ-पिऊ घालून पूर्ववत कसं आणायचं, हे शोधायचं होतं. आधी 12 आठवडे नेहमीचं जेवण. मग फेब्रुवारी 1945 पासून 24 आठवडे अर्धपोटी: बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला 22 मैल चालायचं. यात त्यांचं सुमारे पाव वजन उतरलं.

मनाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ही मुलं पाककृती गोळा करू लागली. पाकशास्त्राची पुस्तकं कादंबरीसारखी वाचू लागली. समोरचं थोडकं जेवण तासन्‌तास पुरवून खाऊ लागली, ताटल्या चाटू लागली. चिडचिड, उदासी, अकारण धास्ती. मित्र नकोसे झाले, प्रेयसीत रस उरला नाही, अभ्यासात लक्ष लागेना. काहींना आपण वाळलो आहोत हेच जाणवेना. उलट आजूबाजूची साधी माणसं त्यांना जाड दिसू लागली. काही जण इतके ढासळले की प्रयोग सोडावा लागला. यांतल्या कोणालाही आधी मनाचा आजार नव्हता आणि जाड होण्याची भीती तर नव्हतीच.

आता एलेनची पाककृतींची वही आठवावी. घरातल्यांना आग्रहाने वाढणं आठवावं. भलेभले तिच्या वागण्यात अस्तित्वाचे गूढ अर्थ शोधत होते. त्यातला बराचसा भाग उपाशी मेंदू करतो तेवढंच होता.

प्रयोगाचा शेवटचा भाग तर त्याहून महत्त्वाचा. पुढचे 12 आठवडे त्यांना जेवण वाढवत नेलं. वजन हळूहळू भरू लागलं, मन मात्र मागेच राहिलं. काहींची उदासी या काळात आणखी गडद झाली. पोट गच्च भरल्यावरही भूक भागल्यासारखी वाटेना. निर्बंध उठल्यावर काहींनी थांबता येत नाही इतकं खाल्लं. पूर्ववत व्हायला बहुतेकांना आणखी कितीतरी महिने लागले.

धडधाकट तरुण, सहा महिन्यांची अर्धपोटी अवस्था, आणि तीन महिने जेवूनही मन ताळ्यावर नाही. एलेन जवळपास तेरा वर्षं भुकेली होती. तिला बेलव्ह्यूत मिळाले अडीच महिने. जेवूनही मन सुधारत नाही, हा डॉक्टरांना असाध्यतेचा पुरावा वाटला. प्रत्यक्षात ती बरं होण्याच्या सुरुवातीची अवस्था होती.

अर्थात सगळं खापर भुकेवर फोडता येत नाही. मिनेसोटातली मुलं अन्न मिळताच त्याच्यावर तुटून पडली. एलेनला अन्न मिळालं तेव्हा भीती वाटली. हा फरक मोठा आहे. तिचा जाडपणाचा धसका, तुटलेली नाती, गर्भपात, घराण्यातलं नैराश्य, पहिलीच यायला हवं हा हेका, हे सगळं खरंच होतं. पण त्यावर काम करायला आधी मेंदूला अन्न हवं.

आज वेगळं काय झालं असतं

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये या प्रकरणावर लिहिलं. त्यांच्या मते एलेनचा एकाकीपणा दोन पदरी होता. वडिलांच्या शब्दावर तिने लग्न मोडलं तेव्हा स्वतःच्या भावनांवरचा विश्वास सोडला, आणि इथून ती स्वतःपासूनच दुरावली. पुढे डॉक्टर आले, त्यांनीही तिच्याकडे एक वस्तू म्हणून पाहिलं: निदान करण्याची, उलगडून दाखवण्याची, दुसऱ्या डॉक्टरला दाखवण्याची वस्तू. तिला काय वाटतं यावर भरवसा ठेवून तिच्याबरोबर काम करणारं कोणी नव्हतं. रॉजर्स यांचं हे म्हणणं मला मान्य आहे, एका पुरवणीसह: नुसतं समजून घेणारा श्रोता मिळून ती वाचली नसती. कोणीतरी तिच्याजवळ बसून, तिची भीती खरी मानून, तरीही घास पुढे करायला हवा होता. रोज, आणि महिनोन्‌महिने.

आजचे चांगले उपचार नेमकं हेच करू पाहतात. इतका दीर्घकाळ उपाशी असलेला रुग्ण आला तर आधी हृदयाचे ठोके, रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फेटसारखे क्षार तपासले जातात. फार दिवस उपाशी शरीराला एकदम भरपूर खाऊ घातलं तर फॉस्फेट धाडकन उतरतं आणि जीव जाऊ शकतो, म्हणून अन्न वाढवायचं ते डॉक्टरांच्या नजरेखाली. फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट हे एकमेकांशी बोलणारे हवेत. एलेनच्या बाबतीत एक जेवू घालत होता, दुसरा अर्थ लावत होता, आणि तिसऱ्याने केलेलं निदान दुसऱ्याला पटत नव्हतं.

ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या पद्धतीत बालपणाचं उत्खनन नंतर येतं. सुरुवात नियमित खाण्यापासून होते: ठरावीक वेळी जेवण, मध्ये नाश्ता, दोन खाण्यांत फार अंतर नाही, आणि आजार आज कशावर तग धरून आहे याचा कागदावर काढलेला नकाशा, जो थेरपिस्ट रुग्णासोबत बसून काढतो. वजन फार उतरलेलं असेल तर ही थेरपी वर्षभराच्या आसपास चालते. अडीच महिने नव्हे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात आकाराला आलेली पद्धत किशोरवयीन मुलांसाठी आहे. ती आईवडिलांना दोष देत नाही, त्यांच्याच हाती जेवणाची सूत्रं देते. एलेन त्या वयाची नव्हती. पण जवळच्या माणसाला दूर धाडायचं की उपचारात सामील करून घ्यायचं, या प्रश्नाचं उत्तर तिच्या प्रकरणात अतिशय महागात पडलं.

करुणाकेंद्रित थेरपीचे प्रवर्तक, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट, मनाच्या तीन यंत्रणांबद्दल बोलतात: धोका ओळखणारी, धडपडायला लावणारी आणि निवांत करणारी. एलेनमध्ये पहिल्या दोन सतत पेटलेल्या होत्या. जाड होण्याचा धोका, आणि उपाशी राहून जिंकल्याची धुंदी. ‘सीझर किंवा शून्य’ हे ब्रीद त्यातूनच येतं. तिसरीला कधी जागाच मिळाली नाही. अशा माणसाला ‘स्वतःवर प्रेम कर’ म्हणणं निरर्थक आहे, कारण त्याला मायेचीच भीती वाटते. स्वतःशी मऊपणाने वागलो तर सैल सुटू, आळशी होऊ, फुगू. म्हणून थेरपिस्ट आधी त्या भीतीची दखल घेतो. आतला कठोर आवाज कुणाचा आहे, तो कधीपासून आहे, त्याने एके काळी कशापासून वाचवलं, हे विचारतो. उपाशी राहण्याने मिळालेला आधार नाकारून चालत नाही. तो आधार होता. त्याच्या जागी दुसरं काही उभं राहीपर्यंत रुग्ण तो सोडणार नाही.

आपल्याकडे या आजाराला भक्कम आडोसे मिळतात. संकष्टी, चतुर्मास, नवरात्र, कशाच्याही नावाखाली मुलगी जेवण टाळते आणि घरातले कौतुक करतात. लग्नकार्यात ‘काय गं, किती बारीक झालीस, छान दिसतेस’ असं एक काकू म्हणते, दुसरी ‘जरा अंगाने सुटलीस’ म्हणते. दोन्ही वाक्यं सारखीच घातक ठरू शकतात. आणि ताट सारलं की ‘ही सगळी खात्यापित्या घरची थेरं’ असा शेरा ठरलेला. मुलगे तर नजरेतच येत नाहीत, त्यांचं उपाशी राहणं जिमच्या खात्यात जमा होतं. पाळी थांबली, केस गळायला लागले, चक्कर आली, की वारी निघते ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा त्वचेच्या डॉक्टरकडे. तिथे ‘घरी जेवण कसं चाललंय’ हा प्रश्न विचारला गेला तर पुष्कळ महिने वाचतील.

सोडण्याचा निर्णय

शेवटी त्या निर्णयाकडे यावंच लागतं. बेलव्ह्यूसमोर एक खरा पेच होता: बंद वॉर्डात ठेवणं किंवा घरी पाठवणं. बंद वॉर्डात तिची अवस्था बिघडेल, असं बिन्सवांगर यांना वाटत होतं, आणि निवड त्यांनी नवऱ्यासमोर ठेवली. जबाबदारी अशी घरच्यांवर ढकलणं हे आजही घडतं. बंद वॉर्ड आणि मोकळं दार यांच्या मधला तिसरा मार्ग, म्हणजे देखरेखीखाली जेवण चालू ठेवून महिनोन्‌महिने चालणारे उपचार, कोणाला सुचला नाही, कारण ती बरी होऊ शकते हेच कोणी मानलेलं नव्हतं.

घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती पार पालटली. तेरा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली, नवऱ्यासोबत फिरायला गेली, कविता वाचल्या, पत्रं लिहिली. शेवटचं पत्र बेलव्ह्यूतल्या एका सहरुग्ण मैत्रिणीला. बिन्सवांगर यांनी या शांततेत अस्तित्वाची परिपूर्ती पाहिली, मृत्यूतच ती स्वतःला सापडली असं मांडलं. मला हे वाचताना संताप येतो. मरणाचा बेत पक्का झाल्यावर आत्यंतिक अस्वस्थ माणूस अचानक शांत होऊ शकतो, हे आज कुठल्याही प्रशिक्षणात धोक्याची खूण म्हणून शिकवतात. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे, हेही.

म्हणून आज डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या खाली आणखी काही ओळी हव्यात. पुढची भेट आठवड्याच्या आत, तारीख आणि वेळ ठरवून. घरात इजा करता येईल अशा वस्तू कोण दूर ठेवणार, त्याचं नाव. जेवणाच्या वेळी सोबत कोण बसणार. मन अंधारलं तर पहिला फोन कोणाला, तो लागला नाही तर दुसरा कोणाला. आणि रात्री-अपरात्री कोणीच नसेल तेव्हासाठी सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, आणि रुग्णाइतकाच तो घाबरलेल्या नवऱ्यासाठी, आईसाठी, मैत्रिणीसाठीही आहे.